चाळीसगावचा टांगा आणि ध्यानाचे फायदे

१/
समाजमाध्यमांवर एक चित्र पुन्हापुन्हा फिरत असते. लेण्यातील ध्यानस्थ बुद्धमूर्ती, तिच्यावर सोनेरी प्रकाश, आणि खाली फायद्यांची यादी: झोप सुधारते, रक्तदाब उतरतो, एकाग्रता वाढते, कामाचा उरक वाढतो. यादी दहा कलमी असो वा वीस कलमी, तिच्यातील प्रत्येक फायदा एकाच माणसाच्या पदरात पडतो. जो डोळे मिटून बसला आहे, त्याच्या. शेजारी बसलेल्याला, घरात राबणाऱ्याला, हाताखाली काम करणाऱ्याला त्या ध्यानातून काय मिळाले, हा रकाना त्या यादीत कधीच नसतो.

२/
बौद्ध परंपरेच्या कसोटीवर ही यादी अपुरी ठरते, कारण त्या परंपरेने सर्वांत महत्त्वाचा मानलेला फायदा नेमका त्या गाळलेल्या रकान्यात आहे. हे दाखवण्यासाठी हिमालयापर्यंत किंवा जपानपर्यंत जाण्याची गरज नाही. खानदेश आणि त्याला टेकलेली डोंगररांग पुरेशी आहे. पितळखोऱ्याची लेणी, चाळीसगावचे रेल्वे स्थानक आणि धुळ्याजवळचे लळिंग ही तीन ठिकाणे एका ओळीत वाचली, की ध्यान म्हणजे काय आणि काय नव्हे, हे बरेचसे उलगडते.

३/
आरंभ पितळखोऱ्यापासून. ही लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात मोडतात. पण डोंगर उतरले की चाळीसगावचे मैदान लागते. येथील सर्वांत जुने खोदकाम इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. दरीच्या कड्यात चैत्यगृह, विहार आणि भिक्षूंच्या छोट्या खोल्या कोरलेल्या आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात सहज येते, की ही माणसे जगाला कंटाळून येथे लपून बसली असावीत. ‘ध्यान म्हणजे पलायन’ या लोकप्रिय समजुतीचा उगम अशाच दृश्यात आहे.

४/
तेथील कोरीव लेख मात्र वेगळी हकीकत सांगतात. चैत्यगृहातील एका खांबाचा दाता प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, मितदेव. त्याचे घराणे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांचे, गंधिकांचे. विहारातील दानलेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या मुलांचे नाव येते. येथे सापडलेल्या प्रसिद्ध यक्षमूर्तीच्या तळहातावर तिच्या कर्त्याचे नाव आहे: कन्हदास, व्यवसायाने सोनार. गंधी, वैद्य, सोनार. बाजारपेठेतील माणसांनीच हे डोंगरातले घर उभारले आणि पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आसपासच ते उभारले.

५/
पलायनाच्या समजुतीला त्याहून मोठा अडसर भिक्षूंच्या नियमांचा आहे. विनयाप्रमाणे भिक्षूने जमीन खणू नये, अन्न साठवू नये, मध्यान्हानंतर जेवू नये. म्हणजे रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन वस्तीत जाणे अटळ. ज्याला खरोखर माणसांपासून पळायचे असेल, त्याने कंदमुळे खाऊन अरण्यात राहावे. संघाची घडी अशी बसवलेली होती, की पळ काढणे शक्यच होऊ नये. विहारासाठी जागा कशी असावी, याचे वर्णनही याच धाटणीचे आहे. ती गावापासून फार जवळ नसावी, फार दूर नसावी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सोयीची असावी.

६/
अजिंठ्याचे १२ क्रमांकाचे लेणे याच जुन्या काळातले. घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचा दानलेख तेथे आहे. त्या विहारात १२ खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दगडाचे दोन ओटे, उशाशी किंचित उंचवटा ठेवलेले. एका खोलीत दोघे. डोळे मिटून बसलेल्या भिक्षूच्या हाताच्या अंतरावर दुसरा माणूस श्वास घेत असे, खोकत असे, कदाचित घोरतही असे. एकांताचे जे गुलाबी चित्र आज विकले जाते, ते या खोलीत मावत नाही. येथे ध्यानाची पहिली परीक्षा घेणारा शेजारच्या ओट्यावरच झोपलेला असे.

७/
या खोल्यांत राहणाऱ्यांना दिलेली साधना कोणती होती? पाली सुत्तांत तिची बैठक स्पष्ट आहे: आधी शील, त्यावर समाधी, त्यातून प्रज्ञा. श्वासाकडे लक्ष देणे हे आनापानसतीचे अंग. सतिपट्ठान सुत्तात तर जागरूकतेचे क्षेत्र चालणे, वळणे, हातपाय आखडणे व पसरणे, खाणे, पिणे, मलमूत्रविसर्ग, बोलणे आणि गप्प राहणे इथपर्यंत नेले आहे. ‘दैनंदिन जीवनातील ध्यान’ हा आजचा शोध नव्हे. त्याच सुत्तात निरीक्षण ‘अज्झत्त’ आणि ‘बहिद्धा’, म्हणजे आतही आणि बाहेरही, करण्यास सांगितले आहे. हा दुसरा शब्द फायद्यांच्या यादीत कुठेही सापडत नाही.

८/
परंपरेला फायद्यांचे वावडे होते, असे मात्र म्हणता येणार नाही. कोसलचा राजा पसेनदी याची कथा संयुत्त निकायात आहे. भरपेट जेवून, धापा टाकीत तो बुद्धाकडे आला. जेवताना भान ठेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अशा आशयाची एक गाथा बुद्धाने सांगितली. राजाने एका तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. हळूहळू आहार घटला, अंग हलके झाले. निखळ शारीरिक, रोजच्या जगण्यातला फायदा. तो सांगताना ग्रंथाला संकोच वाटलेला नाही.

९/
अंगुत्तर निकायात तर मैत्रीभावनेच्या ११ फायद्यांची यादीच आहे आणि तिची सुरुवात झोपेपासून होते: सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्ने पडत नाहीत. आजच्या यादीशी हे साम्य थक्क करणारे आहे. फरक एवढाच, की ही झोप ज्या साधनेचे फळ म्हणून सांगितली आहे, ती साधना इतरांचे भले चिंतण्याची आहे. शेजाऱ्याविषयी, परक्याविषयी, वैऱ्याविषयी मनातला द्वेष विरघळवला, की झोप लागते. आजच्या यादीने फळ उचलले आणि झाड तोडले.

१०/
दुसरी कथा संघातल्या एका आजारी भिक्षूची. हगवणीने तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की हा कोणाच्या उपयोगी पडत नसे, म्हणून कोणी त्याचे करीत नाही. बुद्धाने आणि आनंदाने स्वतः त्याला न्हाऊ घातले, उचलून अंथरुणावर ठेवले. आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा समजावी, अशा अर्थाचा उपदेश संघाला केला. हे सारे भिक्षू ध्यान करणारेच होते. केवळ ध्यानाने माणूस कनवाळू होतो, असा भाबडा दावा ग्रंथ करीत नाही. ध्यान करणारेही निष्ठुर असू शकतात, याची नोंद त्याने स्वतःच ठेवली आहे.

११/
तिसरी नोंद याहून गंभीर. वेसालीत भिक्षूंना देहाच्या अशुभतेचे चिंतन शिकवले गेले आणि बुद्ध पंधरवडाभर एकांतात गेले. परतल्यावर संघ विरळ दिसला. त्या चिंतनाने देहाची शिसारी येऊन अनेकांनी जीवन संपवले होते. आनंदाच्या विनंतीवरून मग बुद्धाने श्वासाची साधना, आनापानसती, शिकवली. ध्यानाने अपाय होऊ शकतो, ते सर्वांना सारखे मानवत नाही, पद्धत बदलावी लागते, हे सत्य विनयपिटकात आणि संयुत्त निकायात नोंदलेले आहे. ‘ध्यानाचा तोटा काहीच नाही’ असे छातीठोकपणे लिहिणारे परंपरेचा आधार घेतात, पण परंपरा वाचत नाहीत.

१२/
आता त्या डोंगरातून खाली उतरून चाळीसगावात यायचे, आणि काळ सुमारे दोन हजार वर्षे पुढे न्यायचा. १९२९ साल. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते आणि खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे होते. काम संपवून मुंबईकडे निघालेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले, कारण धुळे मार्गावरच्या एका गावात अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार घातला गेला होता आणि त्याची चौकशी त्यांना करायची होती. पुढची हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिली आहे.

१३/
चौकशी करून, धुळ्याच्या बाजूने येणाऱ्या गाडीने ते चाळीसगावला परतले. स्थानकावर महारवाड्यातील मंडळी हार घेऊन उभी होती. वस्ती सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. बाहेर भाड्याचे टांगे उभे होते. तरी तासभर कोणी हलेना. कारण एकही टांगेवाला अस्पृश्य प्रवाशाला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. त्यात त्याला कमीपणा वाटत होता. आणि पाहुण्याला पायी नेणे वस्तीला मान्य नव्हते. त्यात त्याचा अवमान होता. शेवटी तोड निघाली. मालकाने टांगा भाड्याने द्यायचा, पण स्वतः हाकायचा नाही. हाकणारा महार मंडळींनी आपल्यातला शोधायचा.

१४/
ज्याच्या हाती लगाम दिला, त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. दोनशे पावलांतच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या कठडे नसलेल्या फरसबंद पुलाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले आणि बाबासाहेब फरसावर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. बाबासाहेब बेशुद्ध पडले, त्यांचा पाय मोडला, कित्येक दिवस हालचाल बंद झाली. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या, सरकारी समितीच्या कामावर आलेल्या माणसाची ही अवस्था रोज शेकडो वेळा बिनधोक ओलांडल्या जाणाऱ्या एका पुलावर झाली.

१५/
‘दैनंदिन जीवनातील ध्यान’ या शब्दांची खरी कसोटी येथे लागते. दैनंदिन जीवन म्हणजे सकाळचा चहा आणि संध्याकाळचा थकवा एवढेच नव्हे. स्थानकाबाहेरचा टांगा हेही दैनंदिन जीवनच होते. समजा, त्या टांगेवाल्यांपैकी एकाने रोज पहाटे अर्धा तास श्वासावर लक्ष ठेवले असते, त्याची झोप सुधारली असती, घोड्यावरचा हात अधिक स्थिर झाला असता. आणि तरीही त्या दिवशी त्याने टांगा हाकायला नकारच दिला असता. आजच्या यादीप्रमाणे त्याचे ध्यान यशस्वी ठरले असते. बौद्ध कसोटीवर ते पूर्णपणे फसले असते.

१६/
कारण ज्या मनोविकाराने तो नकार घडवला, त्याला पाली परंपरेत नेमके नाव आहे: मान. ‘मी याच्याहून श्रेष्ठ’, ‘मी याच्या बरोबरीचा’, ‘मी याच्याहून हीन’, अशी स्वतःला इतरांशी मोजत राहण्याची खोड. माणसाला जखडणाऱ्या दहा संयोजनांत मान मोडतो, आणि तो इतका चिवट, की अर्हतपदापर्यंत सुटत नाही. श्वास पाहण्याचा एक हेतू असा, की ही मोजणी मनात उठते त्याच क्षणी ती दिसावी, म्हणजे तिच्या मागे फरफटत जाणे थांबेल. ‘यात माझा कमीपणा आहे’ हा विचार उठताना दिसणे, याहून अधिक दैनंदिन उपयोगाचे ध्यान दुसरे नाही.

१७/
येथे एक रास्त आक्षेप येतो. जात ही व्यवस्था आहे; ती टांगेवाल्याच्या मनातच फक्त नाही. ती कायद्याने, शिक्षणाने, संघर्षाने मोडावी लागते. श्वास मोजून ती मोडत नाही. हा आक्षेप संपूर्ण खरा आहे. स्वतः बाबासाहेब पुढेही खानदेशात आले ते आसन घालून बसायला नव्हे. ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्यात ते न्यायालयीन कामासाठी आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला राहिले. दर वर्षी त्या दिवशी तेथे लोक जमतात. ध्यान हा न्यायालयाला पर्याय नाही. तसे कोणी सांगत असेल, तर तो अन्यायाचीच पाठराखण करीत असतो, मग आवाज कितीही मृदू असो.

१८/
पण म्हणून बाबासाहेबांनी ध्यान निकालात काढले, असे म्हणणाऱ्यांनीही त्यांचा ग्रंथ पुन्हा उघडावा. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाला. त्यात ते समाधी आणि सम्यक समाधी यांत भेद करतात. नुसत्या समाधीने मनातील अडथळे काही काळ थोपवले जातात, पण तो परिणाम तात्पुरता. मनाला कायमचे वळण लावायचे, तर एकाग्रतेच्या वेळी कुशल कर्माचे चिंतन हवे. ते वळण लावते ती सम्यक समाधी. म्हणजे मुद्दा ध्यान करावे की करू नये हा नव्हताच. ध्यान कशावर आणि कशासाठी, हा होता.

१९/
त्याच ग्रंथात त्यांनी धम्माची जागा माणसामाणसांतल्या संबंधांत शोधली आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र राहू लागली, की ती टळत नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचे पालन आहे, आणि त्या मार्गाची शेवटची दोन अंगे सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी हीच आहेत. ध्यानाला सरसकट ‘भोंदूपणा’ म्हणणारे सहा अंगे घेतात आणि दोन टाकतात. फायद्यांची यादी विकणारे शेवटची दोन उचलतात आणि सहा टाकतात. दोघांच्याही हाती मार्ग उरत नाही.

२०/
आज महाराष्ट्रात सर्वाधिक प्रचलित असलेल्या विपश्यनेचा इतिहासही येथे पाहण्यासारखा आहे. गृहस्थांनी मोठ्या संख्येने ध्यान शिकावे, ही चळवळ ब्रह्मदेशात आधुनिक काळात उभी राहिली. १८८५ मध्ये इंग्रजांनी तेथील शेवटचे राज्य संपवले. बौद्ध शासनाचा राजाश्रय गेला. तेव्हा लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यासारख्या भिक्षूंनी शास्त्र आणि साधना सामान्य माणसांच्या हाती दिली. धर्म टिकवण्याची जबाबदारी राजाकडून समाजाकडे आली. या चळवळीच्या मुळाशी खासगी मनःशांतीपेक्षा मोठी चिंता होती. एका समाजाला आपला वारसा बुडू द्यायचा नव्हता.

२१/
त्याच परंपरेतले ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. त्यांनी आपल्या कचेरीतच ध्यानाचे वर्ग सुरू केले आणि सरकारी कारभारातील भ्रष्टाचाराविरुद्ध कठोर भूमिका घेतली. ध्यानाचा फायदा त्यांच्याकडे हिशेबाच्या वहीत दिसायला हवा होता. सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने त्रस्त होऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखीसाठी ही विद्या शिकणे म्हणजे तिचे मोल कमी करणे, असे सांगून त्यांना आधी परत पाठवण्यात आले. ही आठवण गोयंका पुढे स्वतः सांगत. आजच्या यादीचे पहिले कलम ज्या दारावर नाकारले गेले, त्याच दाराने विपश्यना १९६९ मध्ये भारतात आली.

२२/
१९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले. खानदेशातही धुळ्याजवळ, डेडरगाव तलावाच्या परिसरात, ‘धम्म सरोवर’ हे केंद्र आहे. या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिराची रचना लक्षात घ्यावी. आरंभ पंचशीलाने: हिंसा नाही, चोरी नाही, असत्य नाही, व्यभिचार नाही, नशा नाही, आणि शिबिरापुरते संपूर्ण ब्रह्मचर्य. मग श्वास, मग संवेदनांचे निरीक्षण, आणि शेवटी मैत्रीभावना. शुल्क नाही, आधी बसून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचा खर्च चालतो. गंधी मितदेवाने खांब दिला, त्याच रीतीचे हे आजचे रूप. या रचनेतून शील आणि मैत्री वजा केली, तर उरतो तो श्वासाचा व्यायाम.

२३/
तेवढाच व्यायाम मग दवाखान्यात गेला. १९७९ मध्ये जॉन कॅबट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम आखला. हेतू प्रामाणिक होता आणि अनेकांना उतारही पडला. पण दावे किती फुगले, हे २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मधील आढाव्याने दाखवले. ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागी तपासल्यावर चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. झोप, एकाग्रता, वजन यांबाबत पुरावा तोकडा होता. व्यायाम, औषधे किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस, असेही आढळले नाही.

२४/
म्हणजे यादीतली बरीच कलमे विज्ञानाच्या कसोटीवरही डळमळतात. तरीही ती विकली जातात, कारण ती सोयीची आहेत. कर्मचाऱ्याला बारा तास राबवायचे आणि दुपारी दहा मिनिटे श्वास पाहायला सांगायचे, हे कामाचे तास कमी करण्यापेक्षा स्वस्त पडते. थकवा व्यवस्थेने द्यायचा आणि तो निस्तरण्याची जबाबदारी थकलेल्यावर टाकायची. पितळखोऱ्याच्या भिक्षूला रोज सकाळी वस्तीत जाऊन माणसांची दशा पाहावी लागे. आजच्या ध्यानाला कानांत यंत्र खुपसून ती न पाहण्याची सोय करून दिली जाते. पलायनाचा आरोप खरे तर येथे लागू पडतो.

२५/
मग रोजच्या जगण्यात ध्यान कसे दिसावे? मोठे काही नको. धुळ्याच्या बसस्थानकावर रांग मोडून पुढे घुसणाऱ्यावर राग उसळताना तो दिसणे. आणि आपणच पुढे घुसत असू, तर तेही दिसणे. घरकामाला येणाऱ्या बाईंना वेगळा कप देताना हात क्षणभर थबकणे. आडनाव ऐकून मनात पटकन उमटणारा अंदाज पकडणे. भाडेकरूला ‘कोणत्या समाजाचे?’ असे विचारण्याआधी जीभ आवरणे. आजारी माणूस उपयोगाचा नसला तरी त्याच्या अंथरुणाशी बसणे. सकाळचा अर्धा तास हा सराव, आणि उरलेला दिवस ही परीक्षा. सरावात पैकीच्या पैकी आणि परीक्षेला गैरहजर, अशा विद्यार्थ्याला कोणती शाळा उत्तीर्ण करील?

२६/
पितळखोऱ्याचे ओटे आणि चाळीसगावचा पूल यांच्यात अंतर थोड्याच कोसांचे. ज्या मुलखात ‘मान’ ओळखायला शिकवणारे विहार कोरले गेले, त्याच मुलखात सुमारे दोन हजार वर्षांनंतर कमीपणाच्या भीतीने एका प्रवाशाचा पाय मोडला. ही विद्या विसरली गेली, तेव्हा नेमके काय हरवले, हे त्या पुलावर दिसले. झोप हरवली नव्हती. टांगेवाले त्या रात्री बहुधा शांतच झोपले असतील. म्हणून ध्यानाच्या फायद्यांची पुढची यादी समोर येईल, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिला एकच प्रश्न विचारावा: या यादीत टांगा हाकायला कोण तयार झाले?